मुलांना आणायला परदेशी जाताना

वाचकांचे प्रश्न

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे परदेशातील मुलांना दत्तक घेऊन घरी आणण्याविषयीची आहेत आणि तिन्ही कोल्हापुरातून आली आहेत. ऐकीव माहितीवर पाऊल टाकले तर मुलांचे नुकसान होईल असा हा विषय असल्यामुळे या वेळी सदराची सगळी जागा या पत्रांनाच दिली आहे. पत्रलेखकांची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

प्रश्न : माझी धाकटी बहीण आणि मेहुणे अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात राहत होते. गेल्या वर्षी अपघातात दोघेही गेले. त्यांची मुलगी नऊ वर्षांची आणि मुलगा पाच वर्षांचा असून दोघांचा जन्म तिथलाच आहे. सध्या मुले मेहुण्यांच्या एका मित्राच्या घरी आहेत. तिथल्या न्यायालयाने त्या कुटुंबाला तात्पुरते पालक नेमले आहे. आम्हा पती-पत्नीला दोन्ही मुले दत्तक घ्यायची आहेत. आम्हाला बारा वर्षांचा मुलगा आहे. एका परिचित वकिलांनी असे सुचवले की, मुलांना सुटीसाठी म्हणून इकडे आणावे आणि मग कोल्हापुरात दत्तकपत्र नोंदवून घ्यावे. हे योग्य होईल का? आणि मुलांना आणायला जाताना आम्ही काय काळजी घ्यावी?
— एक वाचक भगिनी, राजारामपुरी

उत्तर : बहीण गेल्याचे दुःख अजून ताजे असताना आपण तिच्या मुलांचा एवढ्या नेटाने विचार करीत आहात, म्हणून मीही आडपडदा न ठेवता लिहिते. वकिलांनी सुचवलेला मार्ग कृपया स्वीकारू नका.

हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, 1956 नुसार दत्तकपत्र करता येते हे खरे आहे, परंतु आपल्या बाबतीत हा कायदा दोन ठिकाणी अडतो. मुलाचे आई-वडील दोघेही हयात नसतील, तर त्याला दत्तक देण्याचा अधिकार त्याच्या पालकाला न्यायालयाच्या पूर्वपरवानगीनेच वापरता येतो. आजी-आजोबांनी किंवा काकांनी सही केली म्हणून भागत नाही. दुसरे असे की, ज्यांना स्वतःचा मुलगा आहे त्यांना या कायद्याखाली आणखी मुलगा दत्तक घेता येत नाही. म्हणजे भाचीचे दत्तकविधान एक वेळ झाले असते, पण पाच वर्षांचा भाचा कागदोपत्री परकाच राहिला असता. त्याशिवाय, मुले आज न्यू जर्सीच्या न्यायालयाच्या देखरेखीखाली आहेत. त्या न्यायालयाला सुटीचे कारण सांगून मुलांना बाहेर काढणे आणि परत न पाठवणे याचा अर्थ तिथे काय लावला जाईल, हे आपणच पाहा. ज्या मित्रकुटुंबाने या काळात मुलांना सांभाळले, तेही त्यात नाहक गोवले जाईल.

सरळ मार्ग लांबचा आहे, पण तो आहे. परदेशातील मूल दत्तक घेण्याबाबतचा हेग करार 29 मे 1993 रोजी झाला. भारतात तो 1 ऑक्टोबर 2003 पासून आणि अमेरिकेत 1 एप्रिल 2008 पासून लागू आहे. आपली भाचरे अमेरिकेची नागरिक असल्यामुळे त्यांना भारतात दत्तक आणणे या कराराच्या कक्षेत येते. आपल्याकडे या कामाची मध्यवर्ती यंत्रणा म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण, ज्याला सगळे 'कारा' म्हणतात. 2022 च्या दत्तक नियमावलीत भारतीय नागरिकांनी परदेशातील मूल दत्तक घेण्यासाठी स्वतंत्र नियम आहे. त्यानुसार दत्तकाची कार्यवाही प्रथम त्या देशात, तिथल्या कायद्याप्रमाणे पूर्ण करावी लागते. आपला गृह अभ्यास अहवाल (समाजकार्यकर्त्याने घरी येऊन केलेल्या पाहणीचा), मुलांचा सामाजिक अहवाल आणि वैद्यकीय अहवाल पाहून कारा कराराच्या कलम 5 व 17 नुसार मान्यता देते. आपण दत्तक घेण्यास पात्र आहात आणि मुलांना भारतात येऊन राहता येईल, असे या मान्यतेने भारत सांगत असतो. तिथल्या न्यायालयाचा अंतिम आदेश या मान्यतेनंतर व्हायला हवा, आधी नव्हे. हा क्रम उलटला तर पुढे दोन्हीकडची कार्यालये एकमेकांकडे बोट दाखवत राहतात.

तेव्हा पहिली फेरी विमानतळाकडे न मारता जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे मारावी. तिथे आपली सगळी हकीकत सांगून कारामध्ये कोणत्या पद्धतीने नोंद करायची ते विचारून घ्यावे. त्याच वेळी न्यू जर्सीत दत्तकाच्या प्रकरणांचा अनुभव असलेला वकील मुलांच्या आताच्या पालकांच्या मदतीने शोधावा. आपले विवाह प्रमाणपत्र, जन्मदाखले, उत्पन्नाचे कागद आणि पोलिसांचा दाखला यांना अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा यासाठीचे प्रमाणन, लागेल. महाराष्ट्रात असे वैयक्तिक कागद आधी राज्य शासनाकडून प्रमाणित होऊन मग परराष्ट्र मंत्रालयाकडे जातात. या टप्प्यात बराच वेळ जातो, म्हणून न्यायालयाची तारीख लागण्याची वाट न पाहता हे काम लगेच हाती घ्यावे.

नागरिकत्वाची मात्र घाई करू नका. दत्तक गेल्यामुळे मुलांचे अमेरिकी नागरिकत्व जात नाही. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, म्हणून आज त्यांना भारतीय नागरिक करून घेणे म्हणजे त्यांच्या वतीने एक कायमचा निर्णय घेऊन टाकणे होय. त्यांच्याकडे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे ओसीआय कार्ड असेल किंवा ते काढता आले, तर इथे राहण्याची आणि शाळेची सोय होते, आणि नागरिकत्वाचा विचार मुले मोठी झाल्यावर त्यांच्यासह करता येतो. एक गोष्ट लक्षात ठेवावी : अमेरिकेत सोळा वर्षांखालील मुलाचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो आणि तो नव्याने काढताना पालकत्वाचा पुरावा मागितला जातो. त्यासाठी न्यायालयाच्या आदेशाच्या अनेक प्रमाणित प्रती तिथूनच घ्याव्यात. मुलांचे मूळ जन्मदाखले आणि बहीण-मेहुण्यांचे मृत्यूचे दाखलेही सोबत आणावेत. हे सगळे हातातल्या पिशवीत असावे. मोठ्या बॅगेत घालून ते विमानाच्या पोटात कधीही पाठवू नये.

आता प्रवासाविषयी. हेग कराराच्या कलम 19 मध्ये असे म्हटले आहे की, मुलाचा प्रवास सुरक्षित व योग्य परिस्थितीत आणि शक्य असेल तेथे दत्तक पालकांच्या सोबतीने व्हावा. कायद्याच्या रूक्ष भाषेतले हे वाक्य मला फार मोलाचे वाटते. मुलांना ओळखीच्या कोणाबरोबर पाठवून द्यावे आणि आपण मुंबईला उतरवून घ्यावे, असे खर्च वाचवण्यासाठी कोणी सुचवील. तसे करू नये. आपण जावे, शक्य झाल्यास दोघांनीही जावे, आणि गेल्यावर लगेच परतीचे विमान पकडू नये. ज्या घरात मुले आज झोपतात, ज्या शाळेत जातात, ज्या दुकानातून त्यांची आई भाजी आणत असे, तिथे आपण काही आठवडे त्यांच्याबरोबर वावरावे. त्यांना आपल्या घरी आणण्यापूर्वी आपण त्यांच्या घरी राहिलेले असावे, एवढाच याचा अर्थ. मुलीला शाळेतल्या बाईंचा आणि मैत्रिणींचा निरोप घेऊ द्यावा. त्या मित्रकुटुंबाचा निरोप तर अगदी नीट, जेवूनखाऊन, पुन्हा कधी फोन करायचा ते ठरवून व्हावा. मुले झोपेत असताना त्यांना उचलून नेण्याचा मोह काहींना होतो, कारण रडारड टळते. ती रडारड व्हायला हवी. निरोप न घेता निघालेले मूल पुढे कितीतरी काळ प्रत्येक दाराकडे संशयाने पाहते. परदेशातून आणलेली सात वर्षांची एक मुलगी माझ्या पाहण्यात आहे. पहिले काही आठवडे ती आपले बूट उशाशी घेऊन झोपत असे. पुन्हा अचानक निघायची वेळ आली तर ते अंधारात सापडावेत, असे तिने आईला सांगितले होते.

सामान बांधताना काय घ्यायचे ते मुलांनाच ठरवू द्यावे, आणि वजनाचा हिशेब आपल्या कपड्यांतून काढावा. बहिणीची एखादी ओढणी किंवा मुलांच्या उशीचा अभ्रा न धुता आणावा. त्या वासाने पाच वर्षांचे मूल अनोळखी घरात झोपू शकते. मुंबईला उतरल्यावर तशीच महालक्ष्मी एक्स्प्रेस गाठू नये. उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तासांचा फरक अंगात भिनलेला असतो. दोन दिवस मुंबईतच काढावेत.

कोल्हापुरात पोहोचल्यावर काय होऊ नये, तेही लिहिते, कारण आपल्याकडचे प्रेम एकदम अंगावर येते. दारात औक्षण झाले तर छानच, पण दाराबाहेर सगळी गल्ली नको. तालीम मंडळाने चौकात स्वागताचा फलक लावण्याचे मनात आणले, तर हात जोडून नको म्हणावे. ज्या मुलांनी आई-वडील गमावले आहेत त्यांचे फोटो आणि त्यांची कहाणी चौकात टांगण्याची गोष्ट नाही. पहिल्या आठवड्यात अंबाबाईच्या दर्शनाची रांग, नातेवाइकांकडची जेवणे आणि तांबडा रस्सा हे सगळे थांबू शकते. मुलांना तिखटाची सवय नसेल. वरणभात, दही आणि तिकडे ते सकाळी जे खात असतील ते, यावर काही दिवस काढावेत.

आपण मुलांच्या मावशी आहात आणि मावशीच राहिलात तरी काही बिघडत नाही. आई म्हणण्याचा आग्रह धरू नये, शिकवू नये, इतरांनाही शिकवू देऊ नये. बहिणीचा फोटो घरात दर्शनी जागी असावा. आपल्या मुलाशीही आत्ताच बोलावे, कारण त्याची खोली, त्याची जागा आणि त्याची आई हे तिन्ही वाटले जाणार आहे. त्याला राग आला तर तो येऊ द्यावा. दत्तकासाठी नऊ वर्षांच्या भाचीचे मतही विचारात घ्यावे लागेल; पाच वर्षे वा त्याहून मोठ्या मुलाची संमती आपल्याकडचे नियमही नात्यातील दत्तकासाठी मागतात. ही संमती न्यायालयात पहिल्यांदा विचारली जाऊ नये. तुला आमच्याकडे यायचे आहे का, कशाची भीती वाटते, हे तिला आधी निवांतपणे आणि एकापेक्षा जास्त वेळा विचारलेले असावे.

प्रश्न : माझी मुलगी आणि जावई अमेरिकेचे नागरिक आहेत. ते कोलंबिया देशातून दोन भावंडे दत्तक घेत आहेत. मुलगा आठ वर्षांचा, मुलगी सहा वर्षांची. पुढील महिन्यात ते मुलांना आणायला तिकडे जातील आणि महिनाभर राहतील, असे म्हणतात. मीही त्यांच्याबरोबर कोलंबियाला जावे असे मला वाटते, पण मुलगी नको म्हणते. एवढी मोठी मुले आपली होतील का, अशीही मनाला काळजी आहे. यंदा गणपतीला मुलांना कोल्हापुरात आणावे अशी माझी फार इच्छा आहे.
— एक आजी, शिवाजी पेठ

उत्तर : आजी, आपल्या मुलीचे म्हणणे ऐकावे, असे मी आपल्याला आग्रहाने सांगेन. कोलंबियात मुले प्रथम भेटतात, मग काही दिवस ती आणि नवे आई-वडील एकत्र राहतात. तिथली बालकल्याण संस्था त्यांचे जुळते आहे की नाही ते पाहते, आणि त्यानंतर प्रकरण कौटुंबिक न्यायाधीशांकडे जाते. निकालानंतर मुलांचा नवा जन्मदाखला, पासपोर्ट आणि बोगोटा येथील अमेरिकी दूतावासातून व्हिसा, असे सगळे व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. या आठवड्यांत त्या मुलांना दोनच माणसे नीट ओळखायची असतात. संस्थेत वाढलेल्या मुलाभोवती मोठी माणसे सतत बदलत असतात; जो प्रेमाने खाऊ देईल त्याच्याकडे ते जाते. तिसरे प्रेमळ माणूस पहिल्या दिवसापासून असले, तर आपले नेमके कोण, हे मुलाला कळायला उशीर लागतो. म्हणून सुरुवातीला जेवू घालणे, न्हाऊ घालणे, झोपवणे हे आई-वडिलांनीच करावे, असे या क्षेत्रातील लोक सांगतात. आपल्या मुलीचा नकार आपल्याला दूर ठेवण्यासाठी नाही.

त्यात तब्येतीचाही प्रश्न आहे. बोगोटा समुद्रसपाटीपासून सुमारे 2,600 मीटर उंचीवर आहे. कोलंबियातून भारतात येणाऱ्या प्रवाशाला पीतज्वराच्या लशीचे प्रमाणपत्र दाखवावे लागते, आणि ते लस घेतल्यापासून दहा दिवसांनी ग्राह्य होते. ते नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलग ठेवू शकतात. साठीनंतर ही लस पहिल्यांदा घेण्यात धोका वाढतो, त्यामुळे डॉक्टर ती सहजासहजी देत नाहीत.

मुले मोठी असल्याची काळजी कोल्हापूरच्या आजींनी तरी करू नये. राजर्षी शाहू महाराजांचा जन्म 26 जून 1874 चा, कागलच्या घाटगे घराण्यातला. 17 मार्च 1884 रोजी आनंदीबाई राणीसाहेबांनी त्यांना दत्तक घेतले तेव्हा त्यांना नऊ वर्षे पूर्ण झाली होती. यशवंतराव हे आपले आधीचे नाव, कागलचा वाडा, वडील आणि भाऊ हे सगळे त्यांना आठवत होते. दत्तक झाल्यावर कागलशी त्यांचे नाते तुटले नाही आणि त्यामुळे ते कोल्हापूरचे कमी झाले, असे कोणी म्हटले नाही. आपल्या नातवंडांनाही आपला देश, आपली भाषा आणि आधी सांभाळणारी माणसे आठवतील. ती आठवण काढली म्हणून कोणाला वाईट वाटता कामा नये. शिवाय ती दोघे बहीण-भाऊ एकत्र येत आहेत. एकमेकांशी स्पॅनिशमध्ये कुजबुजता येणे हा त्यांचा पहिल्या दिवसांतला मोठा आधार असेल.

कागदांची चिंता आपल्याला नसावी. दत्तक कोलंबियात पूर्ण झाले आणि मुले योग्य व्हिसावर अमेरिकेत दाखल झाली, की तिथल्या 2000 सालच्या बाल नागरिकत्व कायद्यानुसार ती आपोआप अमेरिकी नागरिक होतात.

गणपतीला मात्र यंदा आणू नये. महाद्वार रोडवरची मिरवणूक, ढोल-ताशे आणि गर्दी आपल्याला हवीहवीशी वाटते. नुकताच एक देश सोडून आलेल्या सहा वर्षांच्या मुलीला तो आवाज छातीत धडकी भरवणारा वाटू शकतो. इतक्या लवकर पुन्हा बॅगा भरल्या, तर आपल्याला परत पाठवत आहेत की काय, असेही मुलांच्या मनात येते. मुले घरी रुळल्यावर, काही महिन्यांनी, आपणच तिकडे जावे. तोवर व्हिडिओ कॉल करावा, पण तो लांबवू नये. आपण स्वयंपाक करीत असताना फोन ओट्यावर टेकवून ठेवावा आणि मुलांना नुसते पाहू द्यावे. आजी भाकरी कशी थापते, हे भाषा न येणारे मूलही टक लावून पाहते, आणि त्याला उत्तर द्यावे लागत नाही. थोडे स्पॅनिश शब्द आपणही शिकून घ्यावेत : आजीला 'आबुएला' म्हणतात, पाण्याला 'आग्वा'. मुलांची नावे बदलण्याची सूचना घरातून कोणी केली, तर ती आपणच थांबवावी. घरात आपला शब्द ऐकला जातो, तो इथे खर्च करावा.

प्रश्न : कारामध्ये नोंदणी करून आम्ही मुलाची वाट पाहत आहोत. अलीकडे एका व्यक्तीने, परदेशातून सहा महिन्यांत तान्हे बाळ मिळवून देतो, तुम्ही रक्कम भरून फक्त आणायला जायचे, असे सांगितले. विश्वास ठेवावा का?
— एक दांपत्य, कसबा बावडा

उत्तर : ठेवू नये. परदेशातील मूल असे कोणा एका व्यक्तीकडून मिळत नाही. हेग कराराच्या कलम 32 नुसार आंतरदेशीय दत्तकातून कोणालाही गैरवाजवी आर्थिक लाभ घेता येत नाही. सगळा व्यवहार दोन्ही देशांच्या अधिकृत यंत्रणांमधून व्हावा लागतो. जगभर हा मार्ग अरुंद होत चालला आहे, आणि त्याला कारणही मुलांच्या नावाने झालेले गैरव्यवहार हेच बऱ्याच ठिकाणी आहे. इथिओपियाने 2018 मध्ये परदेशी दत्तक बंद केले. चीननेही 2024 मध्ये, जवळच्या रक्ताच्या नात्यातील अपवाद ठेवून, ते थांबवले. अशा काळात सहा महिन्यांत तान्हे बाळ देऊ करणारा माणूस ते कोठून आणणार आहे, हा प्रश्न आपण स्वतःला विचारावा. त्या बाळाला कदाचित आई असेल आणि ती त्याला शोधत असेल.

तरीही कोणी गेलेच, तर परदेशी पासपोर्टवरील बाळाला भारतात येण्यासाठी त्या देशातील भारतीय दूतावासाचा व्हिसा लागतो, आणि दत्तक रीतसर झाल्याची खात्री पटल्याशिवाय तो मिळत नाही. बाळ हातात आणि परतीचा मार्ग बंद, अशा अवस्थेत परक्या शहरात अडकण्याची वेळ येऊ शकते. बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 81 नुसार मुलाची खरेदी-विक्री करणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपये दंड आहे. हे कलम विकत घेणाऱ्यालाही लागू होते. त्या व्यक्तीचे संदेश, क्रमांक आणि मागितलेली रक्कम यांची नोंद जपून ठेवावी आणि पोलिसांना किंवा 1098 या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर कळवावे. आपण नुसता नकार देऊन गप्प बसलात, तर ती व्यक्ती दुसऱ्या कोणत्या तरी दारात जाईल.

आपली नोंदणी चालू ठेवावी. वाट पाहण्याचा काळ लांब आहे आणि तो कठीण जातो, हे मी रोज पाहते. आपण केवळ तान्ह्या बाळाचा पर्याय दिला असेल, तर थोड्या मोठ्या मुलाचा किंवा भावंडांचा विचार होऊ शकतो का, हे दोघांनी मिळून, कोणाच्या दबावाखाली न येता, ठरवावे. तसे ठरल्यास प्रतीक्षा बरीच कमी होऊ शकते. वयाचा हिशेबही मांडून पाहावा : दोन वर्षांखालील मुलासाठी पती-पत्नीच्या वयाची बेरीज 85 पेक्षा जास्त चालत नाही, दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी ती 90 पर्यंत आणि चार ते आठ वर्षांच्या मुलासाठी 100 पर्यंत चालते. गृह अभ्यास अहवालाची मुदत तीन वर्षे असते. आपला अहवाल कधीचा आहे ते आजच पाहावे, आणि मुदत संपत आली असेल तर समाजकार्यकर्त्यांना पुन्हा घरी बोलावून घ्यावे.